पाण्याच्या वर कोण राहतं

लोकरीच्या नमद्याचं गोल घर, चूल, रजया आणि चहाचं पाणी उकळायचा समोवर असं सगळं सामान घेऊन ट्रक सकाळीच पुढे निघून गेला होता. मागून घोड्यांवर साडेतीन माणसं येत होती. बुरमाकान आपा, तिचा मुलगा तिलेक, सून मेरिम आणि मेरिमच्या छातीशी शालीनं बांधलेली दहा महिन्यांची आयिम. आयिम अर्धीच धरायची, कारण अर्धी वाट ती झोपूनच होती.

खरं तर ट्रकमध्ये बायकांना जागा होती. पण आपाच्या मते जाइलूवर, म्हणजे उन्हाळ्याच्या कुरणावर, पिठाच्या पोत्यावर बसून जायचं नसतं. "पोतं जातं तसं गेलं की डोंगर पोत्यासारखंच वागवतो," ती म्हणायची. शिवाय घोड्यावर बसली की आपाचे दुखरे गुडघे कुणाला दिसत नसत. हे मेरिमला ठाऊक होतं, पण ती बोलली नव्हती.

न बोललेली आणखी एक गोष्ट तिच्या पोटात होती, आणि ती जास्त जड होती.

एप्रिलमध्ये आयिमला जुलाब लागले होते. गावच्या नळाला वितळत्या बर्फाचं गढूळ पाणी आलं होतं, आणि तेच कुठूनतरी तिच्या पोटात गेलं. नारीन शहरातल्या दवाखान्यात तिच्या मुठीएवढ्या हातात सुई टोचलेली, आणि ओठ असे सुकलेले की मेरिम बोट ओलं करून त्यांवर फिरवत बसायची. त्या दिवसांत आपा रोज बसनं यायची, थर्मासमध्ये मटणाचा रस्सा घेऊन. सुनेला म्हणायची, "तू पी. तू पिलीस तर ती पिईल." पोर बरी झाली. घरी येताना मेरिमनं स्वतःशीच ठरवलं, की आता उकळल्याशिवाय एक थेंबही हिच्या तोंडात जाणार नाही.

आणि वाटेत पहिल्याच चढाला आपा घोडा जवळ आणून शालीत वाकून बघत म्हणाली, "काय गं आयिमजान, उद्या तुला काश्का-बुलाकचं पाणी पाजायचं बरं का! तुझा बाप प्यायला, तुझा आजा प्यायला. झऱ्याचं, गार, खडकातून निघालेलं सरळ तोंडात. त्याशिवाय जाइलू तुला ओळखणार कसं?"

आयिमनं जांभई दिली. मेरिमनं लगाम घट्ट धरला.

आपाच्या घरात ही रीतच होती. पहिल्या उन्हाळ्याला आलेल्या मुलाला झऱ्याच्या पाण्याचा पहिला घोट घरातल्या थोरल्या बाईनं लाकडी वाडग्यातून द्यायचा. आता ह्याला नाही कसं म्हणायचं? दवाखान्यात जिनं रस्सा पाजला, तिला म्हणायचं, की आपा, तुमच्या झऱ्यावर माझा विश्वास नाही?

संध्याकाळी आक-सू नदीच्या काठी, मेंढपाळांच्या रिकाम्या दगडी खोपीत मुक्काम पडला. मेरिमनं लगेच खोगिराच्या थैलीतून आपलं पाणी गाळायचं यंत्र बाहेर काढलं. तिचा भाऊ एर्निस परदेशी डोंगरचढ्यांना वाट दाखवायचं काम करायचा. त्यानं दिलं होतं ते. दोन नळ्या आणि मधे हातानं ओढायचा दट्ट्या. "डबक्यात नळी टाकलीस तरी बाटलीत पिण्याजोगं येईल, ताई," तो म्हणाला होता. मेरिमचा सगळा हिशेब ह्या यंत्रावर होता. आपाच्या डोळ्यांदेखत नदीचं पाणी काढून दाखवायचं, मग हसत हसत म्हणायचं, आपा, उद्याचा घोटही ह्यातूनच देऊ या का? झरा तोच, वाडगा तोच.

आक-सू पांढरी नदी. वरच्या हिमनदीतून येते आणि पातळ ताकासारखी दिसते. मेरिमनं एक नळी तिच्यात सोडली, दुसरी बाटलीत धरली आणि दट्ट्या ओढायला लागली. पहिले दोन घोट कसे लख्ख आले! तिनं वर बघितलं. आपा बघत होती. तिलेक बघत होता. तिसऱ्या घोटाला दट्ट्या जड झाला, चौथ्याला करकरला, आणि मग तो जागचा हलेना.

"काय गं पोरी," आपा म्हणाली, "गाय आटली का?"

"जपून हं," तिलेक म्हणाला, "आटलेली गाय लाथ मारते."

"हसा. नळी वाकली असेल."

"नळी नाही वाकली, तू वाकलीयस. पाय टेकव दगडाला आणि ओढ! हां! आपा, बादली आणू का? नाही, बादली नको, चमचा आणतो."

मेरिमलाही हसू आलं. पण त्या हसण्यामागे तिचे डोळे भरून आले होते. दट्ट्या आणखी एकदा कुरकुरला आणि बाटलीत फक्त वारा आला.

आपानं यंत्र हातात घेऊन नळीचं तोंड चिमटीत चोळून बघितलं. बोटांना करडं पीठ लागलं. "ही नदी बर्फाच्या पोटातून दगड दळत येते," ती म्हणाली. "तुझ्या यंत्राच्या नरड्यात हे पीठ बसलं. त्याचा दोष नाही. प्रवासातून दमून आलेल्या पाहुण्याला आपण दारातच कामाला लावतो का? आधी बसवतो. पाण्यालाही आधी बसू द्यावं."

दुधाची मोठी किटली नदीत बुडवून तिनं भरून घेतली, खोपीच्या कोपऱ्यात, कुणाचा पाय लागणार नाही अशा जागी ठेवली आणि वर फडकं टाकलं. सकाळी मेरिमनं झाकण उचललं तेव्हा पाणी तळापर्यंत दिसत होतं आणि तळाशी करड्या पिठाचा थर बसला होता. आपानं ओगराळ्यानं वरचं पाणी अलगद उचललं, तळ न ढवळता. चक्का बांधायचं फडकं चारपदरी करून त्यातून ते पाणी पातेल्यात गाळलं आणि शेणींच्या आगीवर ठेवलं. चहा झाला. त्याच पाण्यातलं मेरिमनं आयिमसाठी वेगळं काढून पुन्हा खळखळ उकळलं. नदीच्या पाण्याचं आपाला काही नव्हतं. नदी कुणाची नसते. काश्का-बुलाक मात्र घरचा होता.

दुपारी ते खिंड ओलांडून जाइलूवर पोचले. हिरवंगार, लांबच लांब, वाऱ्यानं एकाच बाजूला विंचरलेलं. ट्रकवाला सामान उतरवून कधीच परत गेला होता. घर उभारायला बराच वेळ गेला. तिलेक जाळीच्या भिंती ताणायचा, मेरिम दोऱ्या बांधायची, आणि आपा एका पेटीवर बसून हुकूम सोडायची. "ती दोरी डावीकडे. दुसरी डावीकडे! लग्नात तुला डावं-उजवं कुणी शिकवलं नाही का?" असं तिनं तिलेकला विचारलं. मेरिमला नाही. पेटीवर बसल्या बसल्या तिचा हात मात्र झग्याखाली गुडघा चोळत होता.

झरा घरापासून हाकेच्या अंतरावर होता. एका काळ्या खडकाच्या बुडातून पाणी निघायचं, इतकं नितळ की वाडगा बुडवला तर पाणी कुठे संपलं आणि हवा कुठे सुरू झाली ते कळू नये. दोऱ्यांचं काम संपताच तिलेक तिथे गेला, पालथा पडला आणि गुरासारखं तोंड लावून प्यायला. "आहाहा!" त्यानं तिथूनच आरोळी ठोकली. "वर्षभर ह्याच्यासाठी जगतो बघ माणूस!"

"पहिली बादली भरलीस का?" आपानं ओरडून विचारलं.

"बादली नाही, मी भरलो!"

"गाढवा, बघून आलं नाही कुणी अजून!"

मेरिमनं कान टवकारले. मागच्या उन्हाळ्यात ती बाळंतपणासाठी गावातच राहिली होती, पण त्याआधीच्या वर्षी तिनं बघितलं होतं. पहिली बादली भरण्याआधी आपा एकटीच झऱ्याच्या वरच्या अंगाला चढून गेली होती आणि बऱ्याच वेळानं परत आली होती. तेव्हा मेरिमला वाटलं होतं, की झऱ्याला सलाम करायला गेली असेल, म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतं तसं.

"काय बघून यायचं असतं, आपा?"

"पाण्याच्या वर कोण राहतं ते," आपा म्हणाली. "माझ्या सासूनं मला पहिल्या वर्षी पाठवलं होतं. एखादं मेलेलं ढोर आहे का, हिमकडा कोसळलाय का, शेणामुतानं गवत भलतंच हिरवं झालंय का." मग ती पेटीवरच सरकून बसली. "पण ह्या वर्षी काय बघायचं? परतताना शरदात बघितलं होतं मी. आणि वाहत्या पाण्यात विटाळ नसतो, आपली म्हणच आहे. तिलेक, वाडगा आण. लेकरू उठलं की पाजून टाकू."

आयिम रजईवर झोपली होती, मूठ गालाशी. आपाचा हात पुन्हा गुडघ्यावर गेला होता.

"मी जाऊन येऊ का?" मेरिम म्हणाली. "मला बघायचंच आहे, आपा. कधीतरी शिकायला नको का?"

आपानं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मेरिमला वाटलं, हिनं माझं सगळं ओळखलं. पण आपा एवढंच म्हणाली, "जा. आणि नुसतं पाण्याकडे बघू नकोस. पाणी सगळ्यांना सुंदरच दिसतं. पाण्याच्या वर बघ."

ती चढायला लागली. काळ्या खडकामागे मोठाल्या दगडांची घसरण होती, आणि ती ओलांडल्यावर वर गवताचा एक सपाट तुकडा लागला. तिथे कोपऱ्यावर नवाच मेंढवाडा उभा होता. आत कोकरं बें बें करत होती, आणि पलीकडे एका नमद्याच्या घरातून धूर निघत होता. दारातल्या बाईनं लांबूनच हात हलवला. मेरिमनंही हलवला. चांगली माणसं दिसत होती. नवं बिऱ्हाड होतं. वाड्याच्या अगदी अंगावरून एक ओढा वाहत होता, आणि त्याच्या दोन्ही काठांवर लेंड्यांचा काळा सडा पडला होता.

असू दे, मेरिमनं मनाशी म्हटलं, ओढा वेगळा आणि झरा वेगळा. झरा खडकातून येतो. पण ओढा कुठे जातो ते बघावं म्हणून ती त्याच्या काठानं खाली निघाली, तर दगडांची घसरण सुरू होते तिथे ओढा नाहीसाच झाला. दगडांत शिरला आणि संपला.

ती वाकली. मग गुडघ्यांवर बसली. मग एका मोठ्या दगडाला तिनं कान लावला.

खालून गुळगुळ आवाज येत होता, आयिम दूध पिताना तिच्या गळ्यातून येतो तसा. मेरिम दोन दगड खाली उतरली आणि पुन्हा कान लावला. आवाज होताच. आणखी खाली, तिथेही होता. असा दगडादगडाला कान लावत, पाण्याच्या मागोमाग ती उतरत गेली, आणि शेवटी मान वर करून बघते तर समोर काळा खडक. त्याच्या बुडातून काश्का-बुलाक निघत होता, नितळ, सुंदर, कुणालाही भुलवणारा.

ती धावत सुटली. दोरीला पाय अडकून पडता पडता वाचली. घराच्या दारातून आत बघितलं तर आयिम जागी होऊन आपाच्या मांडीवर बसली होती, आणि आपाच्या हातात लाकडी वाडगा होता. काठोकाठ भरलेला. आयिम दोन्ही हातांनी वाडग्याची कड धरून तोंड पुढे करत होती.

"आपा!"

"ओरडतेस काय? लेकरू दचकलं ना!"

"दिलं? दिलंत का?"

"कसं देईन?" आपा म्हणाली. "बघायला गेलेली अजून परत आली नव्हती."

मेरिम उंबऱ्यातच मटकन खाली बसली. तिला दम लागला होता. सासरच्या माणसांना कसं सांगायचं, की आजा-पणजांचा झरा झरा नाहीच? मग तिनं आपाच्याच भाषेत सांगितलं. "आपा, पाण्याच्या वर बिऱ्हाड बसलंय. मेंढवाडा आहे, कोकरं आहेत. त्यांचा ओढा दगडांत शिरतो, आणि आपल्या खडकातून निघतो. मी कान लावून ऐकत आले, वरपासून खालपर्यंत."

तिलेकनं हळूच आपल्या पोटावर हात ठेवला.

"मला आताच मुरडा आल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

"नाटकं करू नकोस. पाणी अजून पोटात पोचलंही नसेल."

"तुला काय माहीत? मी पोटभर प्यायलोय, आपा!"

"मग उद्या सकाळी माहीत होईल. खडकामागे जागा भरपूर आहे." एवढं बोलून आपानं वाडग्यात बघितलं. "नवी नवरी होऊन आले तेव्हा ह्या अख्ख्या कुरणावर दोन घरं होती," ती म्हणाली. "वर कुणी नव्हतं. म्हणून तो झरा होता." मग मेरिमकडे न बघताच ती पुढे म्हणाली, "ह्या वर्षी गुडघे नाही म्हणाले गं. म्हटलं, कुणाला कळू द्यायचं नाही. कळलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारीला गावातच ठेवा."

"तुम्हाला ठेवलं तर दोऱ्या कोण बांधून घेईल आमच्याकडून?" मेरिम म्हणाली. आणि इतक्या दिवसांचं अडकलेलं तिच्या तोंडून आपोआप निघालं. "आपा, मी... मला कच्चं पाणी द्यायचंच नव्हतं तिला. एप्रिलपासून. मला सांगता येत नव्हतं."

"ठाऊक आहे," आपा म्हणाली. "काल त्या यंत्राशी झटत होतीस तेव्हाच कळलं. इतकी धडपड कुणी स्वतःच्या तहानेसाठी करत नाही."

तिनं आयिमला मेरिमच्या हातात दिलं. पेटीचा आधार घेत, कण्हत, ती उठली. दारापर्यंत जाऊन तिनं वाडग्यातलं पाणी गवतावर ओतलं. "रागावू नका हं," ती कुणाला तरी म्हणाली, बहुतेक आयिमच्या गेलेल्या आज्याला. "पुढचा वाडगा गरम देऊ."

मग समोवर पेटला. झऱ्याचं पाणी चारपदरी फडक्यातून गाळून आत गेलं. जरा वेळानं समोवर गुणगुणायला लागला, मग खदखदायला. मेरिमनं तोटीकडे हात नेला तशी आपानं तिच्या मनगटावर हलकेच चापट मारली.

"थांब. इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं. लवकर उकळलं म्हणून भुलायचं नाही. इथं मांस शिजायला किती वेळ लागतो, बघितलंयस ना? तसंच ते. तुझी अंगाई केवढी आहे?"

"चार कडव्यांची."

"म्हण. चारही म्हण, आणि मधलं गाळू नकोस. झोपेत गाळतेस तू, मी ऐकलंय."

मेरिमनं चारही कडवी म्हटली. समोवर शेवटपर्यंत खदखदत होता. मग वाडगा भरला, फडक्यानं झाकला आणि निवायला ठेवला. आपानं आयिमला मांडीवर घेऊन वाडगा तिच्या ओठाला लावला. आयिमनं एक घोट घेतला, डोळे मोठे केले, विचार केला आणि अर्धा घोट आजीच्या झग्यावर सोडून दिला.

"आली ओळख," आपा म्हणाली. "हिचा बापही असाच थुंकला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिलेक खडकामागे किती वेळा गेला ते कुणी मोजलं नाही. आपा त्याला काळा चहा देत होती आणि प्रत्येक फेरीला विचारत होती, "काय रे, भरलास की रिकामा झालास?" दुपारी जरा बरं वाटल्यावर तिनं त्याला गरम बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, पुरचुंडी देऊन वरच्या बिऱ्हाडाकडे पाठवलं. तो संध्याकाळच्या आत परत आला. बोरसोकांच्या बदल्यात त्याच्याकडे साईचं भांडं होतं. त्या लोकांना ठाऊकच नव्हतं, की ओढा खाली कुणाच्या दाराशी उगवतो. मेंढवाडा ते डोंगरधारेपलीकडे हलवणार होते.

"हलवू देत," आपा म्हणाली. "मेंढरं हलतील, पण रानातली जनावरं थोडीच आपल्याला विचारून हगतात? ह्यापुढे अंगाईच्या मापानंच उकळायचं. आणि पोरी, ते तुझं यंत्र आण बघू."

मेरिमनं ते कालच खोलून, आतली नळी उलटी धुऊन उन्हात ठेवलं होतं, भावानं शिकवलं होतं तसं. आपानं झऱ्याच्या गाळलेल्या पाण्याची बादली पुढ्यात घेतली, एक नळी तिच्यात सोडली, दुसरी थर्मासच्या तोंडात धरली आणि दट्ट्या ओढला. काहीच आलं नाही. पुन्हा ओढला. तिलेक लांबूनच म्हणाला, "आटली!"

"गप. तुला धारा काढता येतात का? घोडी काय, गाय काय, आधी पिलू जवळ आणावं लागतं." तिनं आयिमला ओढून आपल्या पुढ्यात बसवलं आणि तिची चिमुकली मूठ दट्ट्यावर ठेवून वर आपला हात धरला. दोघींनी मिळून ओढलं.

थर्मासमध्ये पाण्याची बारीक धार वाजली.

"बघ," आपा म्हणाली, "पान्हावली."

आयिम खिदळली आणि दट्ट्या सोडेना. थर्मास भरून वाहायला लागला तरी दोघी ओढतच होत्या, आणि मेरिम समोवरात कोळसे घालता घालता अंगाईचं पहिलं कडवं गुणगुणायला लागली होती.